मेंढपाळाचें पहिलें कर्तव्य

जुबिलीचा सण हा देवाच्या उपकारांचें स्मरण करण्याचा सण होय. अशा प्रसंगीं देवालयाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणाच्या देणगीनें सजली, याची याद आम्ही मोठ्या आदरानें करतों. आणि तें योग्यच आहे. परंतु देवालय म्हणजे केवळ चुना आणि दगड नव्हे. त्या भिंतींच्या आंत जी जिवंत मंडळी जमते, तिला चारणारा, सांभाळणारा आणि तिच्या सुखदुःखांत वांटेकरी होणारा जो धर्मगुरु, त्याचें कर्तव्य काय आहे, ख्रिस्तसभेनें तें कसकसें ठरविलें, कोणत्या काळीं त्याचा विसर पडला, आणि कोणीं तें पुनः उजेडांत आणलें, हा इतिहास आपल्या लोकांपुढें क्वचितच मांडला जातो. तो थोडक्यांत सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

धर्मगुरूचीं कर्तव्यें पुष्कळ आहेत. मिस्साबलि अर्पण करावा, संस्कार द्यावेत, उपदेश करावा, मुलांस धर्मशिक्षण द्यावें, आजाऱ्यांस भेटावें, गोरगरिबांची विचारपूस करावी, देवालयाच्या द्रव्याचा चोख हिशेब ठेवावा. यादी करूं लागल्यास ती लांबतच जाईल. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एक कर्तव्य आहे, आणि तें म्हणजे आपल्या लोकांमध्यें राहणें. जो जवळ नाहीं तो कोणाला शिकविणार, कोणाचें पापनिवेदन ऐकणार, आणि मरणाऱ्याच्या उशाशीं कसा बसणार? वाचकांस ही गोष्ट इतकी साधी वाटेल कीं, तिच्यावर लेख कशाला लिहावा, असें ते म्हणतील. तथापि या साध्या गोष्टीसाठीं ख्रिस्तसभेस कित्येक शतकें झगडावें लागलें, आणि तिच्यासाठीं थोर पुरुषांनीं आपले प्राण पणास लावले.

प्रभूचा कित्ता

जुन्या करारांत यहेज्केल संदेष्ट्यानें इस्राएलाच्या मेंढपाळांची कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. दूध प्यावयाचें, लोकर पांघरावयाची, पण दुबळ्या मेंढराला बळ द्यावयाचें नाहीं आणि हरवलेल्याचा शोध करावयाचा नाहीं, असे ते मेंढपाळ होते. प्रभु येशू ख्रिस्तानें हाच दाखला पुढें चालविला आणि खरा मेंढपाळ कोण व मोलकरी कोण हें आपल्या शिष्यांस उघड करून सांगितलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या दोघांतील भेद प्रभूनें विद्येवरून केला नाहीं, वक्तृत्वावरून केला नाहीं, किंवा वयावरूनहि केला नाहीं. लांडगा आला असतां कोण थांबतो आणि कोण पळतो, एवढ्या एकाच कसोटीवर त्यानें दोघांची पारख केली.

पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या कांठीं संत पेत्रास प्रभूनें तीन वेळां त्याच्या प्रीतीविषयीं विचारलें आणि तिन्ही वेळां आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन केलीं. स्वाधीन केलीं, पण तीं पेत्राचीं झालीं नाहींत, प्रभूचींच राहिलीं. पुढें त्याच पेत्रानें मंडळीच्या वडिलांस लिहितांना द्रव्याच्या लोभानें किंवा धनीपणाच्या तोऱ्यानें कळप राखूं नये, असें बजावलें. धर्मगुरूच्या अधिकाराचा सगळा अर्थ या दोन गोष्टींत आला: कळप दुसऱ्याचा आहे, आणि राखणारास त्याचा हिशेब द्यावयाचा आहे.

हिप्पोच्या महागुरूंचें पत्र

हा उपदेश ऐकण्यास गोड असला तरी प्रत्यक्ष संकटांत त्याचा अर्थ काय करावा, हा प्रश्न पांचव्या शतकांत मोठ्या निकडीनें उभा राहिला. इ. स. ४२९ च्या सुमारास वांडाल लोकांच्या टोळ्या स्पेनमधून समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेंत उतरल्या. गांवेंच्या गांवें उद्ध्वस्त होऊं लागलीं. तेव्हां होनोरातुस नांवाच्या एका महागुरूनें हिप्पोचे महागुरु संत आगुस्तीन यांस विचारलें कीं, अशा वेळीं धर्मगुरूंनीं जीव वांचवून निघून जावें कीं नाहीं?

संत आगुस्तीन यांनीं दिलेलें उत्तर आजहि वाचण्यासारखें आहे. त्यांनीं सरसकट होय किंवा नाहीं असें म्हटलें नाहीं. सर्व लोकच एखाद्या सुरक्षित स्थळीं जात असतील, तर धर्मगुरूनेंहि त्यांच्याबरोबर जावें. शत्रु एकट्या त्याच्याच जिवावर उठला असेल आणि लोकांची सेवा करण्यास दुसरे धर्मगुरु मागें राहत असतील, तर त्यानेंहि निघून जाण्यास हरकत नाहीं. संत पौल दमास्कसमधून टोपलींत बसून निसटला, तो असाच. परंतु संकट सर्वांवर सारखेंच आलें असेल आणि लोक मागें राहत असतील, तर त्यांस आपल्या सेवेची जी गरज आहे ती टाकून जाण्याचा अधिकार धर्मगुरूस नाहीं. कारण अशाच वेळीं लोक देवालयाकडे धांव घेतात. कोणी बाप्तिस्मा मागतो, कोणी पापक्षमा मागतो, कोणी नुसता धीर मागतो. तेथें कोणीच नसेल तर त्या जिवांची काय दशा होईल? धर्मगुरु अनेक असून कोणीं राहावें याविषयीं एकमत होत नसेल, तर चिठ्ठ्या टाकाव्या, असेंहि त्यांनीं सुचविलें आहे.

हें उत्तर केवळ कागदावर राहिलें नाहीं. वांडालांनीं हिप्पो शहरास वेढा घातला तेव्हां वृद्ध आगुस्तीन शहरांतच राहिले, आणि वेढा चालू असतांच २८ ऑगस्ट ४३० रोजीं त्यांनीं देह ठेवला.

यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं, इ. स. ५९० मध्यें, रोम शहरांत महामारीनें परमगुरु पेलाजिउस दुसरे मरण पावले आणि संत ग्रेगरी यांची त्या आसनावर निवड झाली. त्यांनीं आरंभींच मेंढपाळाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. या पदावर कोणीं यावें, आल्यावर कसें वागावें, निरनिराळ्या स्वभावाच्या लोकांस कसें शिकवावें, आणि शेवटीं स्वतःच्या दुबळेपणाचें भान कसें ठेवावें, असे त्याचे चार भाग आहेत. एकच औषध सर्व रोग्यांस लागू पडत नाहीं; श्रीमंतास आणि गरिबास, आनंदी मनुष्यास आणि दुःखी मनुष्यास एकाच सुरांत उपदेश करून चालत नाहीं, हा त्या ग्रंथाचा गाभा होय. परंतु माणसामाणसांतील हा भेद ओळखावयाचा तर त्यांच्यामध्येंच राहिलें पाहिजे, हें सांगावयास नकोच. पुढें नवव्या शतकांत इंग्लंडच्या आल्फ्रेड राजानें हा ग्रंथ आपल्या प्रजेच्या भाषेंत उतरविला.

कर्तव्याचा विसर

इतकी स्पष्ट शिकवण असतांना तिचा विसर कसा पडला? याचें कारण सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. कारण खरा इतिहास लपविल्यानें ख्रिस्तसभेचा मान वाढत नाहीं. मध्ययुगांत धर्मपदांबरोबर जमिनी, दशांश आणि इतर उत्पन्नें जोडलेलीं असत. हळूहळू लोक पदाकडे सेवा म्हणून न पाहतां उत्पन्न म्हणून पाहूं लागले. एकाच मनुष्यानें दोन दोन, तीन तीन धर्मप्रांतांचें उत्पन्न घ्यावें, स्वतः एखाद्या राजाच्या दरबारीं किंवा रोममध्यें राहावें, आणि कळपाकडे थोड्या पगारावर एखादा अर्धशिक्षित बदली गुरु पाठवावा, असा प्रघात पडला. युरोपांतील मोठ्या धर्मप्रांतांपैकीं एक जो मिलान, तेथें तर सुमारें ८० वर्षें एकहि महागुरु राहावयास आला नव्हता. लोकांस धर्माचें ज्ञान नाहीं, धर्मगुरूंस लॅटिन धड येत नाहीं, देवालयें मोडकळीस आलेलीं, अशी तेथील स्थिति होती. सोळाव्या शतकांत जी मोठी फूट ख्रिस्ती जगांत पडली, तिचीं कारणें अनेक होतीं. परंतु मेंढपाळांची गैरहजेरी हें त्यांतील एक मोठें कारण होतें, असें म्हणण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं.

ट्रेंटची धर्मपरिषद

१३ डिसेंबर १५४५ रोजीं ट्रेंट येथें सुरू झालेली सार्वत्रिक धर्मपरिषद ४ डिसेंबर १५६३ रोजीं समाप्त झाली. मध्यें कित्येक वर्षें ती तहकूब होती. या परिषदेनें श्रद्धेच्या सिद्धांतांविषयीं काय ठरविलें हें आपल्या वाचकांस ठाऊक आहे; परंतु तिच्यांतील सर्वांत कडाक्याचा एक वाद महागुरूंच्या निवासाविषयींच झाला, हें फार थोड्यांस माहीत असेल. आपल्या धर्मप्रांतांत राहण्याचें महागुरूंवर जें बंधन आहे, तें साक्षात् देवाच्या आज्ञेचें कीं केवळ ख्रिस्तसभेच्या नियमाचें? केवळ नियमाचें असेल तर सूट मिळूं शकते. देवाच्या आज्ञेचें असेल तर ती कोण देणार? पोर्तुगालमधील ब्रागाचे आर्चबिशप संत बार्थोलोमेव दोस मार्तिरेस यांच्यासारखे सुधारणेचे कैवारी निवासाच्या कडक नियमासाठीं झटत होते. मतभेद इतके विकोपास गेले कीं, सप्टेंबर १५६२ पासून जुलै १५६३ पर्यंत, सुमारें दहा महिने, परिषदेचें एकहि जाहीर अधिवेशन होऊं शकलें नाहीं.

अखेर १५ जुलै १५६३ रोजीं निर्णय झाला. आपलीं मेंढरें ओळखणें, त्यांच्यासाठीं मिस्साबलि अर्पण करणें, त्यांस उपदेश, संस्कार आणि सत्कृत्यांचा कित्ता यांनीं पोसणें, हीं कर्तव्यें देवाच्या आज्ञेनें धर्मगुरूंवर आलेलीं आहेत, आणि कळपाजवळ न राहणारास तीं पार पाडतां येत नाहींत, असें परिषदेनें सांगितलें. म्हणून महागुरूनें योग्य कारणावांचून वर्षांत दोन किंवा फार तर तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहूं नये. आगमनकाल, उपवासकाल, नाताळ, ईस्टर, पेंतेकोस्त आणि ख्रिस्तशरीराचा सण या दिवसांत तर त्यानें आपल्या मुख्य देवालयांतच असावें. धर्मग्रामाच्या गुरूनें गंभीर कारण असल्याखेरीज दोन महिन्यांवर गैरहजर राहूं नये, आणि जातांना लेखी परवानगी घेऊन आपल्या जागीं लायक बदली गुरु ठेवावा. जो हा नियम मोडील त्याला गैरहजेरीच्या काळाचें उत्पन्न स्वतःसाठीं ठेवतां येणार नाहीं. तें देवालयाच्या दुरुस्तीस किंवा गांवच्या गरिबांस द्यावें लागेल.

त्याच दिवशीं परिषदेनें आणखी एक दूरदर्शी ठराव केला. प्रत्येक धर्मप्रांतानें मुलांस लहानपणापासून धर्मगुरूपदासाठीं तयार करणारें विद्यालय काढावें, आणि त्यांत गरिबांच्या मुलांची विशेष निवड करावी, असा तो ठराव होता. आजचीं सेमिनरी-विद्यालयें त्यांतूनच निघालीं. नोव्हेंबर १५६३ मध्यें रविवारीं व सणांच्या दिवशीं उपदेश करण्याचा, संस्कारांचा अर्थ लोकभाषेंत समजावून सांगण्याचा आणि विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद वहींत ठेवण्याचा नियम झाला. आपल्यापैकीं ज्यांनीं देवालयाच्या जुन्या वह्यांत आपल्या पणज्याचें नांव शोधलें असेल, त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, ती वही ट्रेंटच्या परिषदेची देणगी आहे. कळपांतील प्रत्येकाचें नांव मेंढपाळास ठाऊक असावें, हाच त्या नोंदीचा मूळ उद्देश.

मिलानचे महागुरु

ठराव करणें सोपें, पाळणें कठीण. ते पाळून दाखविणारांत अग्रगण्य म्हणजे संत चार्ल्स बोर्रोमेओ. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजीं झाला. मामा परमगुरु पायस चौथे झाल्यामुळें १५६० मध्यें, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, ते कार्डिनल झाले आणि मिलानचा कारभारहि त्यांच्याकडे आला. म्हणजे ज्या दोषावर ट्रेंटचे धर्मपंडित टीका करीत होते, त्याच दोषाचें फळ म्हणून हें पद त्यांस मिळालें होतें. तेहि रोममध्येंच राहत असत. परंतु या स्थितीनें त्यांचें मन खाऊं लागलें. १५६३ सालीं त्यांनीं धर्मगुरूपदाची आणि पाठोपाठ महागुरूपदाची दीक्षा घेतली, आणि सप्टेंबर १५६५ मध्यें ते मिलान शहरांत दाखल झाले.

पुढील १९ वर्षें त्यांनीं त्या धर्मप्रांतांतील लहानमोठीं देवालयें, डोंगराळ भागांतील खेडीं सुद्धां, फिरून पाहिलीं. ६ प्रांतिक परिषदा आणि ११ धर्मप्रांतीय सभा भरविल्या, विद्यालयें स्थापिलीं, रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांचें जाळें विणलें. सुधारणा सर्वांसच रुचली असें नाहीं. २६ ऑक्टोबर १५६९ रोजीं ते सायंप्रार्थनेंत गुडघे टेकून बसले असतां त्यांच्यावर मागून गोळी झाडण्यांत आली. झाडणारा एका बिघडलेल्या धर्मसंघाचा सभासद होता. देवकृपेनें ते बचावले आणि प्रार्थना तशीच पुढें चालू ठेविली.

त्यांची खरी परीक्षा १५७६ मध्यें झाली. ऑगस्ट महिन्यांत शहरांत प्लेग शिरला. त्या वेळीं महागुरु लोदी येथें होते. बातमी कळतांच ते परत फिरले. शहराचा सुभेदार आणि कित्येक सरदार बाहेर निघून गेले होते. महागुरूंनीं आपलें मृत्युपत्र केलें आणि ते रोग्यांत जाऊं लागले. आपल्या वाड्यांतील सामान विकून त्यांनीं अन्न पुरविलें. पडदे आणि गालिचे फाडून गरिबांस कपडे शिवून दिले. अनवाणी, गळ्यांत दोर बांधून, हातांत क्रूस घेऊन त्यांनीं प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. घराबाहेर पडण्यास लोकांस बंदी झाली तेव्हां रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारविल्या, म्हणजे कोंडलेल्या माणसांस खिडकींतून मिस्साबलि पाहतां यावा. देवालयांत लोकांस येतां येईना, म्हणून देवालयच लोकांच्या दारीं नेलें. लोकांनीं पुढें त्या सांथीस चार्ल्स यांचेंच नांव दिलें. ३ नोव्हेंबर १५८४ रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, श्रमांनीं झिजून ते मरण पावले. १ नोव्हेंबर १६१० रोजीं त्यांस संतपद देण्यांत आलें.

लोकांच्या भाषेंत

लोकांमध्यें राहणें म्हणजे त्यांच्या भाषेंत राहणेंहि होय. ही गोष्ट आपल्या कोंकणच्या भूमींत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं जितकी ओळखली तितकी क्वचितच कोणा परदेशी धर्मगुरूनें ओळखली असेल. जातीनें इंग्रज असलेले हे येशूसंघीय गुरु १५७९ मध्यें गोव्यास आले आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत सुमारें ४० वर्षें येथेंच राहिले. साष्टी तालुक्यांतील नवख्रिस्ती लोकांस आपल्या पूर्वींच्या पुराणांच्या जागीं कांहींतरी हवें होतें. त्यांस लॅटिन किंवा पोर्तुगीज पुस्तकांचा काय उपयोग? फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओंवींत ख्रिस्तपुराण रचलें, आणि तें १६१६ मध्यें राशोल येथें छापून निघालें. देवालयांत जमलेल्या लोकांपुढें तें वाचलें जात असे. ट्रेंटच्या परिषदेनें लोकभाषेंत शिकविण्याची जी आज्ञा केली, तिचें याहून सुंदर पालन आम्हांस ठाऊक नाहीं.

मेंढपाळाविना कळप

आतां आपणां सर्वांस अभिमान वाटावा अशा एका कोंकणी धर्मगुरूची हकिकत सांगतों. १६५६ मध्यें कोलंबो आणि १६५८ मध्यें जाफना हीं ठाणीं डच लोकांनीं पोर्तुगीजांपासून घेतलीं, आणि सिलोन बेटाच्या किनारपट्टींतून कॅथलिक धर्मगुरूंस हाकलून दिलें. धर्मगुरूस थारा देणारासहि कडक शिक्षा असे. सुमारें ३० वर्षें तेथील कॅथलिक लोक मेंढपाळाविना राहिले. मुलें जन्मलीं, लग्नें लागलीं, वृद्ध मेले. पण मिस्साबलि नाहीं, पापक्षमा नाहीं, शेवटचे संस्कार नाहींत.

ही वार्ता गोव्यांतील फादर जोसेफ वाझ यांच्या कानीं आली. २१ एप्रिल १६५१ रोजीं बाणावली येथें जन्मलेले आणि सांकवाळचे रहिवासी असलेले वाझ १६७६ मध्यें धर्मगुरु झाले. १६८१ ते १६८४ पर्यंत त्यांनीं कानडा प्रांतांतील दुर्लक्षित ख्रिस्ती लोकांची सेवा केली. गोव्यास परतल्यावर १६८५ मध्यें ते तेथील देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळींत सामील झाले. तीच पुढें गोव्याची ओराटरी म्हणून प्रसिद्धीस आली. त्या काळीं देशी धर्मगुरूंस युरोपीय धर्मसंघांत प्रवेश मिळत नसे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मंडळीचें महत्त्व कळेल. कोणाची आज्ञा झाली नसतां, कोणतेंहि उत्पन्न नसतां, वाझ यांनीं सिलोनला जाण्याची परवानगी मागून घेतली. १६८७ मध्यें भिकाऱ्याच्या वेषांत, जॉन नांवाच्या एका सेवकासह, ते जाफन्यास उतरले. अंगांत आजार आणि अन्नास महाग, अशी त्यांची अवस्था होती. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्याच्या मुद्रेवर ओळख उमटे, तो कॅथलिक असावा असें ते ताडीत. अशा रीतीनें त्यांनीं एक एक घर शोधून काढलें. दिवसा लपून राहावें, रात्रीं मिस्साबलि अर्पावा, असा त्यांचा क्रम होता.

१६९२ मध्यें ते बेटाच्या मध्यभागीं असलेल्या कॅंडीच्या राज्यांत गेले. तेथें पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांस कैद झाली. कैदेंत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. दुष्काळ पडला असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस पडला, अशी कथा तेथें परंपरेनें सांगतात. पुढें राजा विमलधर्मसूर्य दुसरा यानें त्यांस राज्यांत फिरण्याची मोकळीक दिली. १६९७ मध्यें कॅंडींत देवीची भयंकर सांथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. लोक आपल्या आजारी माणसांस रानांत टाकून पळूं लागले. फादर वाझ आणि नुकतेच आलेले फादर कार्व्हालो मात्र मागें राहिले. त्यांनीं रोग्यांसाठीं झोपड्या उभारल्या, त्यांस भरविलें, त्यांचे फोड धुतले, आणि मेलेल्यांस पुरलें. त्यांत कॅथलिक कोण आणि बौद्ध कोण, असा भेद त्यांनीं केला नाहीं. मिलानच्या राजवाड्यासारख्या घरांत राहणारे कार्डिनल आणि कॅंडीचा हा अनवाणी कोंकणी गुरु, दोघांनींहि एकाच प्रश्नाचें एकच उत्तर दिलें.

येथें एक बारीक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. फादर वाझ एका जागीं कधींच राहिले नाहींत. त्यांचें सारें आयुष्य पायीं प्रवासांत गेलें. तरीहि ते आपल्या लोकांस सोडून होते, असें कोण म्हणेल? उलट, कित्येक गुरु वर्षाचे ३६५ दिवस आपल्या निवासांत राहूनहि लोकांस परके असूं शकतात. ट्रेंटच्या परिषदेला गैरहजेरीचे दिवस मोजतां आले. परंतु हजर मन मोजण्याचें माप कोणत्याहि परिषदेजवळ नाहीं. तें गुरूच्या अंतःकरणानें आणि लोकांच्या साक्षीनेंच ठरावयाचें. आपण जाऊं तेथें मागें राहणाऱ्या लोकांची सोय व्हावी म्हणून फादर वाझ वस्तीवस्तींतून जाणते गृहस्थ नेमीत; ते प्रार्थना चालवीत आणि मुलांस शिकवीत. ते स्वतः पुन्हा गोव्यास परतले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं कॅंडी येथें त्यांनीं देह ठेवला. २१ जानेवारी १९९५ रोजीं परमगुरु जॉन पॉल दुसरे यांनीं त्यांस धन्य, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं परमगुरु फ्रान्सिस यांनीं संत म्हणून कोलंबो येथें जाहीर केलें.

उत्तर कोंकणांतील अनुभव

आपल्या उत्तर कोंकणानेंहि मेंढपाळाच्या उणिवेचा काळ पाहिला आहे. मे १७३९ मध्यें वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या हातीं आला. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहांत दिलेली होती; परंतु युरोपीय धर्मगुरु पोर्तुगीजांबरोबर निघून गेले. किल्ल्यांतील भव्य मंदिरें ओस पडलीं. खेड्यापाड्यांतील कळप मात्र ओस पडला नाहीं. गोव्याहून आलेल्या आणि या भूमींत जन्मलेल्या देशी धर्मगुरूंनीं तो सांभाळला. त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. परंतु ते राहिले, म्हणून आज आपण आहों.

याच प्रांतानें दुसरेंहि एक दुःख भोगलें. पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रय आणि रोमच्या धर्मप्रसार-मंडळाचा अधिकार, यांच्या वादांत मुंबई भागांतील धर्मग्रामांत दोन अधिकारी, दोन पक्ष आणि दोन तट पडले. १८८६ च्या करारानें हा वाद पुष्कळ शमला, आणि १९२८ मध्यें मुंबईंतील दुहेरी अधिकार संपला. मेंढपाळांच्या भांडणांत मेंढरांचे हाल होतात, हा धडा त्यांतून घ्यावयाचा. गुरु जवळ असून तट वाढवील, तर त्याच्या जवळ असण्याचें सार्थक तें काय?

आजचा नियम

हें कर्तव्य केवळ जुन्या काळाचें नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें महागुरूंच्या व धर्मगुरूंच्या सेवेविषयीं स्वतंत्र लेख प्रसिद्ध केले. २७ नोव्हेंबर १९८३ पासून अमलांत आलेल्या धर्मविधिसंहितेप्रमाणें धर्मग्रामाच्या मुख्य गुरूनें धर्मग्रामांत राहावें. वर्षांतून सुमारें एक महिन्याची विश्रांति त्यास घेतां येते. त्यानें घरोघर भेटी द्याव्या, आजारी व मरणोन्मुख माणसांच्या जवळ असावें, गरीब, एकाकी आणि देशांतर केलेल्या लोकांची विशेष काळजी घ्यावी. प्रत्येक रविवारीं आणि आज्ञापित सणांच्या दिवशीं एक मिस्साबलि त्यानें आपल्या लोकांसाठींच अर्पावा. देवालयाच्या द्रव्याच्या कामीं त्यास साह्य करणारें अर्थमंडळ प्रत्येक धर्मग्रामांत असलेंच पाहिजे.

आमच्या काळांत आणखी एका गोष्टीचा उच्चार न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. कित्येक देशांत धर्मगुरूंनीं बालकांवर व दुर्बलांवर केलेले अत्याचार उघडकीस आले, आणि कांहीं ठिकाणीं वरिष्ठांनीं ते झांकले, हेंहि उघड झालें. तेथें लांडगा बाहेरून आला नव्हता. म्हणून परमगुरु फ्रान्सिस यांनीं मे २०१९ मध्यें नवा कायदा केला. अशा तक्रारी घेण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतांत असावी, धर्मगुरूंनीं व संघीयांनीं माहिती कळविलीच पाहिजे, आणि कर्तव्यांत कुचराई करणाऱ्या महागुरूंचीहि चौकशी व्हावी, असें त्यांत ठरविलें. हा कायदा २०२३ मध्यें कायम करण्यांत आला. हिशेब द्यावा लागणें हा धर्मगुरूचा अपमान नव्हे. तो त्याच्या पदाचाच भाग आहे. ज्यानें मेंढरें सोंपविलीं, तो त्यांचा हिशेब मागणारच.

लोकांचेंहि कर्तव्य

हा सर्व इतिहास वाचून कोणीं आपल्या गुरूंचे दोष काढण्याचा परवाना मिळाला, असें समजूं नये. मिलानच्या सांथींत महागुरु एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर काम करणारे लोक होते. सिलोनमध्यें फादर वाझ यांस आपला जीव धोक्यांत घालून लपविणारीं घरें होतीं. आपल्या खेड्यांत गुरु क्वचित् येत तेव्हां संध्याकाळची प्रार्थना चालू ठेवणाऱ्या आज्या होत्या. मेंढपाळ राहतो, तो राहण्यासारखा कळप असला म्हणजे. गुरूंची खोटी स्तुति करूं नये, आणि पाठीमागें निंदाहि करूं नये. जें चुकतें तें आदरानें तोंडावर सांगावें. आपल्या गरजा आणि आपलें मत मेंढपाळांस कळविण्याचा हक्क धर्मविधिसंहितेनें श्रद्धावंतांस दिला आहे, आणि कधीं कधीं तें त्यांचें कर्तव्यहि आहे, असें म्हटलें आहे. ते आजारी पडले, थकले, एकटे पडले, तर त्यांची विचारपूस करावी. कारण जो सर्वांच्या घरीं जातो, त्याच्या घरीं कोण जातें?

आणि शेवटीं एक गोष्ट. मेंढपाळ आकाशांतून पडत नाहींत; ते कळपांतूनच निघतात. ट्रेंटच्या परिषदेनें गरिबांच्या घरांतून मुलें निवडावयास सांगितलें. संत जोसेफ वाझ आपल्यासारख्याच एका कोंकणी घरांत वाढले. आज ज्या घरांत मुलाला धर्मगुरु होऊं द्यावयास आईबाप कचरतात, त्या घरानें दुसऱ्याच्या मुलाकडून मात्र रात्रीं बेरात्रीं धांवून येण्याची अपेक्षा कशी करावी? या जुबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतून एखादा तरुण जरी या कळपासाठीं पुढें आला, तरी मंडपांवर आणि दिव्यांवर झालेला सर्व खर्च सार्थकीं लागला, असें आम्ही समजूं.

ज्यानें आपल्या मेंढरांसाठीं प्राण दिला, तो प्रभु येशू ख्रिस्त आपल्या सर्व मेंढपाळांस संकटांत स्थिर ठेवो, आणि आपणां सर्वांस त्यांच्याबरोबर उभें राहण्याचें बळ देवो. आमेन.